बारी काही सेकंदांची, धंदा दोन दिवसांचा : बैलगाडा शर्यतीत स्टॉल लावण्याआधीचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण यात्रेतल्या धंद्यावर बोललो. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून वही-पेन घेऊन बसणाऱ्यांसाठी तेच सगळं इथे सावकाश लिहितोय. उदाहरण आपल्याच भागातलं घेतलंय : बैलगाडा शर्यत.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात शर्यत म्हणजे काय चीज असते हे तुम्हाला सांगायला नको. पण धंद्याच्या नजरेने एक गोष्ट बघा. हा सगळा खेळ हौशी माणसांचा आहे. गाडामालक हा काही पगारी खेळाडू नाही. तो शेतकरी असतो, दुकानदार असतो, कंपनीत कामाला असतो. वर्षभर बैलांना खुराक घालायचा, पिकअप भाड्याने करून बैल घाटात न्यायचे, चार दोस्त जमवून गाडा पळवायचा. बक्षीस लागलं तरी वर्षाचा खर्च निघेलच असं नाही. परदेशात शनिवार-रविवारी स्वतःची स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर जाणारे हौशी लोक असतात, त्यांचंही असंच. ट्रॅकची फी, टायर, पेट्रोल सगळं स्वतःच्या खिशातून, आणि हातात काय तर मित्रांमध्ये दोन सेकंदांनी पुढे आल्याचं समाधान.

हौशी खेळाचा नियम जगभर सारखाच. खेळणारा खर्च करतो आणि कमावतो तो आजूबाजूचा. तिकडे टायरवाला आणि मेकॅनिक, इकडे पिकअपवाला, मांडववाला, पेंडवाला, चहा-वडापाववाला.

पण आजूबाजूला उभा राहिलेला प्रत्येक जण कमावतो असं नाही. गर्दी बघून स्टॉल टाकणारे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पाव घरी नेणारेही कमी नाहीत. फरक पडतो तो एका सवयीमुळे. कमावणारा आधी विचारतो, "यात माझं जास्तीत जास्त किती बुडेल?" आणि मग विचारतो, "किती मिळेल?" आजचा सगळा धडा या क्रमाचा आहे.

पायरी १ : शर्यत कोणत्या पद्धतीची आहे ते बघा

"शर्यत आहे" एवढी माहिती धंद्याला पुरत नाही. आपल्याकडे दोन पद्धती आहेत आणि दोन्हींची गर्दी वेगळी वागते.

शिरूरच्या उत्तर-पश्चिम बाजूला, म्हणजे खेड-आंबेगावला लागून असलेल्या भागात, घाटातली शर्यत चालते. चढाची धावपट्टी, चार बैल, पुढे घोडी. एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची वेळ घड्याळावर मोजली जाते. या एका पळण्याला आपण बारी म्हणतो. बारी काही सेकंदांत संपते, पण एकामागून एक बाऱ्या दिवसभर चालू राहतात. म्हणजे गर्दीही दिवसभर विभागलेली असते. सकाळी नाष्टा, दुपारी पाणी-सरबत, संध्याकाळी चहा, अशी मागणी बदलत जाते.

भीमा ओलांडून दौंड आणि त्याच्या खाली दक्षिणेला सरकलात, की दोन बैलांचा छकडा आणि सपाट मैदान जास्त दिसायला लागतं. सातारा-सांगलीकडे तर हीच पद्धत. तिथे एका वेळी अनेक गाडे शेजारी-शेजारी सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. इथे गर्दी फायनलकडे वाढत जाते. सकाळी अकराला मोकळं वाटणारं मैदान संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही असं होतं.

यातून काय घ्यायचं? घाटात तुम्हाला दिवसभर पुरेल असा, वेळेनुसार बदलता येणारा माल हवा. मैदानात शेवटच्या दोन-तीन तासांत झपाट्याने देता येईल असा माल हवा. घाटात एक माणूस आणि एक टेबल चालून जाईल. मैदानात शेवटच्या टप्प्याला दोन हात जास्त लागतील.

दोन्हीकडे लागू पडणारी आणखी एक गोष्ट. चांगली जागा मिळालेला प्रेक्षक जागा सोडत नाही. तो काठावर उन्हात उभा राहील, घसा कोरडा पडेल, पण स्टॉलपर्यंत येणार नाही, कारण जागा गेली की परत मिळत नाही. त्यामुळे ट्रे किंवा बादली घेऊन फिरणारा एक माणूस कधी कधी टेबलापेक्षा जास्त विक्री करतो. आणि नावाजलेला गाडा जुंपायला लागला की कोणी पाकिटाला हात लावत नाही. ती पाच मिनिटं तळण्यात घालवा, ओरडण्यात नको.

वारही बघा. यात्रेची तारीख तिथीवर ठरते, त्यामुळे दर वर्षी वार बदलतो. तीच यात्रा रविवारी आली आणि मंगळवारी आली, तर गर्दीत फरक पडणारच. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतले कामगार तुमचे ग्राहक असतील तर त्यांच्या सुट्टीचा वार आणि शिफ्टची वेळ आधी विचारून घ्या. "मागच्या वर्षी खूप विक्री झाली होती" हे वाक्य वार बघितल्याशिवाय खरं मानू नका.

पायरी २ : तुमचा धंदा दुसऱ्याच्या परवानगीवर उभा आहे

हा भाग नीट वाचा, कारण इथेच भांडवल अडकतं.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीला वाट करून दिली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

म्हणजे साडेसात वर्षं अधिकृत शर्यत बंद. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर, साडेसात वर्षं एका ग्राहकवर्गाकडून विक्री शून्य. ज्याची सगळी कमाई घाटावर होती त्याने काय केलं असेल, याचा विचार करा.

आणि परवानगी परत मिळाल्यावरही सगळं सरळ झालं असं नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लम्पी आजार पसरला, तेव्हा राज्यात जनावरांची ने-आण, बाजार आणि शर्यती थांबवल्या गेल्या. त्यात कोर्टाचा संबंध नव्हता, पण स्टॉलवाल्याला परिणाम तोच. अवकाळी पाऊस आला तर चढाची धावपट्टी निसरडी होते आणि दिवस बुडतो. निवडणूक लागली की पोलीस बंदोबस्ताचा प्रश्न येतो.

आजही शर्यत म्हणजे गावाने ठरवलं आणि झाली, असं नसतं. आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करावा लागतो, ५० हजार रुपयांची हमी ठेवावी लागते, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब चालत नाही, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. काठी, चाबूक, विजेचा शॉक असलं काही वापरलं तर कारवाई होते, आणि नियम मोडला की पुढच्या वर्षीची परवानगीही धोक्यात येते. हे नियम बैलांसाठी आहेत आणि ते असायलाच हवेत. पण स्टॉलवाल्याने त्यातून स्वतःसाठीही एक गोष्ट उचलायची : नियम पाळणाऱ्या आयोजकाकडेच जागा घ्या. तिथे शर्यत अर्ध्यात बंद पडण्याची शक्यता कमी.

आयोजकाला प्रश्न विचारताना शब्द नीट वापरा. "परवानगी मिळेल ना?" असं विचारलंत तर उत्तर "मिळणारच की" असंच येणार. विचारायचं असं : "दादा, परवानगीचं पत्र हातात आलंय का? आणि शर्यत रद्द झाली तर जागेचे पैसे परत की पुढच्या वेळी वळते?" दोन्हींची उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या. गोड बोलून लिहून घ्या, पण घ्याच.

पायरी ३ : एकही रुपयाची विक्री झाली नाही तरी जाणारा पैसा

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा, तुम्ही दोन दिवसांसाठी वडापाव आणि लिंबू सरबताचा स्टॉल टाकताय.

जागेची पावती : १,००० रुपये
टेम्पो, येणं-जाणं : २,००० रुपये
दोन मदतनीस, दिवसाला ६०० प्रमाणे दोन दिवस : २,४०० रुपये
मांडव, टेबल, दिवे भाड्याने : १,२०० रुपये
गॅस : ९०० रुपये
पाण्याचे जार, कचऱ्याच्या पिशव्या, किरकोळ : ५०० रुपये
एकूण : ८,००० रुपये

हा तुमचा स्थिर खर्च. गॅस थोडाफार विक्रीप्रमाणे बदलतो, पण सोपं जावं म्हणून इथेच धरलाय.

इथे बरेच जण मदतनिसांचे २,४०० रुपये खोडतात. "बायको आणि भाऊ येणार आहेत, त्यांना कुठे पैसे द्यायचेत?" असं करू नका. भाऊ त्या दोन दिवसांत दुसरीकडे कामाला गेला असता तर पैसे घेऊन आला असता. घरच्यांची मजुरी हिशोबात धरली नाही तर तोट्यातला धंदाही नफ्यातला दिसतो, आणि तोच धंदा आपण पुढच्या वर्षी परत करतो.

पायरी ४ : मिनिटाला किती गिऱ्हाईकं?

वडापावची किंमत २० रुपये, त्यातला माल ११ रुपयांचा. हातात राहिले ९. सरबताचा ग्लास २० रुपये, माल ७ रुपयांचा. राहिले १३. दोन्ही सारखेच विकले गेले असं धरलं तर एका नगामागे सरासरी ११ रुपये.

८,००० भागिले ११ म्हणजे साधारण ७२८ नग. एवढे विकले की ना नफा, ना तोटा.

७२८ हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. एवढ्या गर्दीत सहज जातील, असं वाटतं. म्हणून पुढची पायरी करायची : वेळेने भागायचं. दिवसाला खरी विक्री साधारण सहा तास धरा. दोन दिवसांचे बारा तास. ७२८ भागिले १२ म्हणजे तासाला ६१, म्हणजे मिनिटाला एक.

आता डोळे मिटून तो स्टॉल समोर आणा. बारा तास, दर मिनिटाला एक नग, न थांबता. आणि हे करून हातात काय? शून्य. नफा त्याच्यानंतर सुरू होतो. तुमची कढई एका वेळी किती वडे काढते? पैसे कोण घेणार? सुट्टे कोण देणार? ग्राहक पुष्कळ असूनही हात कमी पडले म्हणून तोटा होऊ शकतो, हे इथे कळतं.

मग काय, स्टॉल टाकायचाच नाही? तसं नाही. स्थिर खर्च कमी करा. टेम्पो शेजारच्या स्टॉलवाल्याबरोबर अर्धा-अर्धा करा, १,००० वाचले. टेबल-मांडव घरचा न्या, १,२०० वाचले. स्थिर खर्च ८,००० वरून ५,८०० झाला. ५,८०० भागिले ११ म्हणजे ५२८ नग. तासाला ४४. हे माणसाच्या आवाक्यातलं आहे. किंमत एक रुपयाने वाढवली नाही, एक गिऱ्हाईक जास्त आणलं नाही, तरी गणित बदललं.

पायरी ५ : मालाचे तीन ढीग करा

निघण्याआधी सगळा माल तीन ढिगांत विभागा.

पहिला ढीग, परत जाणारा माल : सीलबंद पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंकचे क्रेट. होलसेलवाल्याशी आधीच बोला, "उरलेले पूर्ण क्रेट परत घ्याल का?" तोंडओळख असेल तर बरेच जण तयार होतात.

दुसरा ढीग, घरी किंवा दुकानात खपणारा माल : साखर, चहा पावडर, तेल, बेसन. उरला तरी पैसे फक्त अडकतात, बुडत नाहीत.

तिसरा ढीग, बुडणारा माल : पाव, उकडलेला बटाटा, चटणी, कोथिंबीर, कापलेलं लिंबू, बर्फ. उन्हाळ्यात यांचं आयुष्य तासांत मोजायचं.

पहिल्या दोन ढिगांवर हात सैल सोडला तरी चालेल. तिसऱ्या ढिगावर मूठ आवळा. का ते बघा. समजा, २०० वडापावचा माल वाया गेला. २०० गुणिले ११ म्हणजे २,२०० रुपये गेले. हे भरून काढायला ९ रुपयांच्या मार्जिनने किती वडापाव विकावे लागतील? २४५. म्हणजे २०० फेकलेत तर २४५ जास्तीचे विकावे लागतात, आणि तेही फक्त खड्डा बुजवायला.

म्हणून तिसऱ्या ढिगाचा नियम : पहिल्या दिवशी लागेल असं वाटतं त्याच्या अर्धा माल न्या आणि भरायची सोय आधी करून ठेवा. घाटाला सगळ्यात जवळची बेकरी कुठली, न्हावरा की मलठण की केडगाव? बेकरीवाल्याचा नंबर फोनमध्ये, आणि मोटरसायकलवर जाणारा एक माणूस ठरलेला. माल संपून दहा गिऱ्हाईकं परत गेली तर वाईट वाटतं, पण त्याने मुद्दल जात नाही.

पायरी ६ : बुडीत मर्यादा लिहून काढा

आता मुख्य गोष्ट. समजा, तुमचं सगळं खेळतं भांडवल ३०,००० रुपये आहे. माझा नियम असा की एका यात्रेत भांडवलाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त धोक्यात घालायचं नाही. म्हणजे ६,००० रुपये. हा काही पुस्तकातला नियम नाही. तुम्ही सहावा भाग ठरवा, दहावा ठरवा, पण आकडा आधी ठरवा आणि वहीवर लिहा.

मग वाईट प्रसंगांचा हिशोब मांडा.

प्रसंग एक : आदल्या संध्याकाळी शर्यत रद्द. जागेचे १,००० (परत मिळत नाहीत असं धरा), टेम्पोचा विसार ५००, पहिल्या दिवसाचा बुडणारा माल २,०००. एकूण ३,५००. मर्यादेच्या आत.

प्रसंग दोन : पहिल्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि सगळं थांबलं. जागा १,०००, टेम्पोचा अर्धा वाटा १,०००, मदतनिसांची एका दिवसाची मजुरी १,२००, गॅस ३००, किरकोळ ५००, माल २,०००. एकूण खर्च ६,०००. दुपारपर्यंत १५० नग विकले गेले तर २० रुपयांप्रमाणे ३,००० आले. तोटा ३,०००. हाही मर्यादेच्या आत.

प्रसंग तीन : तोच पाऊस, तीच दुपार. पण तुम्ही उत्साहात दोन दिवसांचा सगळा, म्हणजे १,००० वडापावचा माल पहिल्याच दिवशी भरलाय. २,००० च्या जागी ११,००० चा माल. तोटा ३,००० वरून १२,००० वर गेला. मर्यादेच्या दुप्पट.

तिन्ही प्रसंगांत पाऊस तुमच्या हातात नव्हता, परवानगी तुमच्या हातात नव्हती. जागाभाडं, टेम्पो, मजुरी तीच. फक्त एक गोष्ट तुमच्या हातात होती : किती माल आधी भरायचा. स्टॉलवाल्याला खड्ड्यात घालतो तो हा निर्णय, आणि तो शर्यतीच्या दोन दिवस आधी घरी बसून घेतलेला असतो. मे २०२२ मध्ये चिखली-जाधववाडीच्या शर्यतीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. असं बक्षीस ऐकलं की आपलाही माल आपोआप वाढतो. बक्षीस मोठं म्हणजे गर्दी मोठी, हे बरोबर. पण बक्षीस मोठं म्हणून पाव जास्त टिकत नाही.

पैसेही टप्प्याटप्प्याने बाहेर काढा. परवानगीचं पत्र येईपर्यंत फक्त तोंडी बोलणी. पत्र आलं की जागेची पावती आणि टेम्पोचा विसार. आदल्या दिवशी सुका माल. बुडणारा माल त्या दिवशी पहाटे. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा : आत्ता थांबलो तर किती गेले?

पायरी ७ : जागेवरच्या गोष्टी

जागा : पार्किंगहून घाटाकडे येणारी वाट सगळ्यात चांगली. गाडे थांबतात त्या टोकाला कधीही स्टॉल घेऊ नका, जागा फुकट मिळाली तरी. सुसाट आलेले बैल कुठे वळतील सांगता येत नाही, आणि तुमच्याकडे उकळतं तेल असतं.

कागद : खाण्याचा पदार्थ विकताय तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. छोट्या विक्रेत्यांसाठी साधी नोंदणी असते, फॉस्कॉस पोर्टलवर होते. १४ आकडी नंबर स्टॉलवर दिसेल असा लावा. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्या.

बर्फ : सरबतात खाण्याचाच बर्फ. माल थंड ठेवण्यासाठीचा, न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग टाकण्याचा नियम २०१८ पासून आहे. निळसर दिसला की तो ग्लासात जाता कामा नये.

ग्लास : प्लास्टिकचे ग्लास, चमचे, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कागदी ग्लासचा खर्च मालाच्या ७ रुपयांत धरायला विसरू नका.

पैसे : हजारो मोबाइल एका माळावर जमले की इंटरनेट रडायला लागतं. यूपीआयवर पूर्ण विसंबू नका. दहाच्या नोटा-नाणी आदल्या दिवशी जमवा. किंमत २० ठेवली ती यासाठीच, १८ किंवा २३ ठेवलीत तर सुट्ट्यांत वेळ जाईल. आणि उधारी नाही. आलेला माणूस कुठल्या गावचा, परत कधी भेटेल, काही माहीत नसतं.

रोजचा हिशोब : पहिल्या दिवशी रात्री, कितीही दमलात तरी, चार आकडे लिहा. किती नग विकले, किती वाया गेले, कोणत्या दोन तासांत सगळ्यात जास्त विक्री झाली, काय आधी संपलं. दुसऱ्या दिवशीचा माल या चार आकड्यांवर ठरवायचा, पहिल्या दिवसाच्या आनंदावर किंवा निराशेवर नाही.

पायरी ८ : शर्यत नसली तरी हा माल कोण घेईल?

हा प्रश्न त्यांच्यासाठी, ज्यांना एका स्टॉलवर न थांबता या हौशीभोवती कायमचं दुकान काढायचंय. मागच्या दोन-तीन वर्षांत मला असे फोन बरेच येतात. कोणाला शर्यतीच्या बैलांचा साज विकायचाय, कोणाला खुराक, कोणाला बैल नेण्यासाठी पिकअप घ्यायचाय, कोणाला ड्रोन घेऊन थेट प्रक्षेपण करायचंय.

सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारतो. उद्या शर्यत बंद झाली तर तुमचा माल कोण घेईल?

कासरा, वेसण, म्होरकी : बैल, गाय, म्हैस आहे तोवर गिऱ्हाईक आहे. घुंगरमाळा, झूल, गोंडे, हिंगूळ : पोळ्याला खपतात. आपल्याकडे काही गावांत श्रावणी पोळा आणि काही गावांत भाद्रपदी, म्हणजे महिन्याच्या अंतराने दोनदा विक्री. पेंड आणि खुराक : दौंड-शिरूरच्या दूधवाल्यांना रोज लागतो. पिकअप : ऊस, कांदा, दूध, फर्निचर, काहीही वाहील. ड्रोन आणि कॅमेरा : लग्न आहे, कीर्तन आहे, कंपनीचा कार्यक्रम आहे.

आता याच्या उलट बघा. फक्त एका घाटाचं नाव छापलेले पाचशे टी-शर्ट. फक्त शर्यतीलाच लागणारं महागडं डिजिटल घड्याळ, तेही कर्ज काढून. याला दुसरा ग्राहक नाही. असा माल आगाऊ ऑर्डर घेतल्याशिवाय बनवायचा नाही.

माझा सल्ला असा : निम्म्याहून जास्त विक्री शर्यतीबाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर शर्यत हा तुमच्यासाठी बोनस आहे. तसं नसेल, तर साडेसात वर्षांची ती बंदी पुन्हा एकदा आठवा. आता कायदा वैध ठरलाय, त्यामुळे तसं पुन्हा होईल असं मी म्हणत नाही. पण कोर्ट, आजार, पाऊस यांपैकी काहीही आलं तरी दुकानाचं भाडं थांबत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या जवळची एक यात्रा निवडा. या वर्षी ती कोणत्या वारी येते ते पंचांगात बघा.

२. तुम्ही काय विकाल ते ठरवा आणि स्थिर खर्चाची यादी करा. घरच्यांची मजुरी धरून.

३. ना नफा-ना तोट्याचे नग काढा आणि त्याला तासांनी भागा. मिनिटाला किती येतात ते बघा. तेवढ्या वेगाने घरच्या घरी अर्धा तास वडे तळून दाखवा. जमलं तर पुढे जा.

४. मालाचे तीन ढीग करा.

५. बुडीत मर्यादा एका ओळीत लिहा, तारीख टाका आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. शर्यतीच्या आदल्या दिवशी तुमचा हात माल भरायला सैल सुटला की तोच माणूस तुम्हाला अडवेल.

पुढच्या व्हिडिओत जागेची पावती घेताना बोलणी कशी करायची ते बघू. तोपर्यंत वही भरून ठेवा.